खणाखणाने वाढणारं कोंबडीघर

माझं पहिलं कोंबडीघर दहा बाय दहाचं होतं. दिसायला झकास, पण कोब्याचा, म्हणजे सिमेंटच्या जमिनीचा, उतार पूर्वेकडे आणि दारही पूर्वेकडेच. गवंड्याने विचारलं होतं, "पाणी कुठे काढू?" मी म्हटलं, "दाराकडेच काढ, सोपं पडेल." शेजारच्या मळ्यातले आप्पा तेव्हा ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. ते एवढंच म्हणाले, "भो, पानी कथा जाई ते आधी देख." म्हणजे पाणी कुठे जाईल ते आधी बघ. मी हसून सोडून दिलं.

दोन वर्षं काही बिघडलं नाही. मग कोंबड्या वाढल्या, घर वाढवायची वेळ आली आणि मोकळी जागा होती ती पूर्वेलाच. नवा खण, म्हणजे घराचा एक नवा भाग, जोडला, तर जुना खण धुतला की त्याचं पाणी सरळ नव्या खणात येऊन तुंबायचं. जुन्या खणात जायला नव्या खणातल्या त्या घाणीतून चालत जावं लागायचं, कारण जुन्याचं दार त्याच बाजूला होतं. शेवटी कोबा फोडला, उतार फिरवला आणि उत्तरेला नवं दार काढलं. आधीच नीट आखलं असतं, तर त्या पैशात तिसरा खण झाला असता.

म्हणून हा लेख. घराजवळ किंवा मळ्यात वीस ते शंभर गावरान, किंवा गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया, सातपुडा असल्या सुधारित देशी कोंबड्या पाळायच्या आहेत, हातात पैसा बेताचा आहे आणि पुढे वाढवायचा विचार आहे, अशांसाठी. कंपनीशी करार करून पाच हजार ब्रॉयलरचं शेड टाकणाऱ्यांचा हिशोब वेगळा असतो, त्यांनी इथे वेळ घालवू नये.

पहिली पायरी: आकडा आणि खण

आपल्याकडे जुनी घरं खणांत मोजायचे. अमक्याचं तीन खणांचं, तमक्याचं सात खणांचं. कोंबडीघरही तसंच आखा. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद असा एक खण धरा. आज एक बांधा, पण कागदावर तीन काढा.

एका खणाची जागा शंभर चौरस फूट. पुस्तकी हिशोबाने मोठ्या कोंबडीला आत दोन चौरस फूट पुरतात, म्हणजे पन्नास पक्षी. खान्देशात मी चाळीसच धरतो. एप्रिल-मे महिन्यात दाटी म्हणजे मरतूक, आणि गादी, म्हणजे जमिनीवर पसरलेला भुशाचा थर, ओली व्हायलाही पहिलं कारण दाटीच असतं. दिवसभर बाहेर फिरणाऱ्या कोंबड्यांना आत कमी जागा चालते असं लोक म्हणतात. चालते, पण जुलैत पाऊस लागला की त्या चार-चार दिवस बाहेर पडत नाहीत, तेव्हा ती कमी जागा जाणवते.

चाळीस कोंबड्यांचं बाकी गणितही आत्ताच लिहून ठेवा. दिवसाला साडेचार किलोच्या आसपास खाद्य. पाणी एरवी दहा लिटर, उन्हाळ्यात वीस. रात्री बसायला दर कोंबडीला आठ इंच दांडी, म्हणजे साधारण सत्तावीस फूट. अंडी घालायला पाच कोंबड्यांमागे एक खोकं, म्हणजे आठ खोकी. खण वाढला की हेच आकडे दुप्पट होतात, वेगळा विचार करावा लागत नाही.

दुसरी पायरी: जागा आणि दिशा

लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त दोन आखूड भिंतींवर येतं, आणि लांब बाजू दक्षिण-उत्तर उघड्या राहून वारा आरपार जातो. हे सगळीकडेच सांगतात. पण आपल्याकडे त्यातून आणखी एक गोष्ट निघते. दुपारनंतरचं जाळणारं ऊन पश्चिमेचं, उन्हाळ्यातल्या झळा पश्चिमेच्या आणि पावसाळ्यातला झोडपणारा पाऊसही नैऋत्य-पश्चिमेकडूनच येतो. तेव्हा पश्चिमेची भिंत पूर्ण, पक्की, वरपर्यंत विटांची करा. ती कधीच हलणार नाही. पूर्वेची बाजू मात्र कच्ची ठेवा, कारण घर त्या बाजूला वाढणार आहे.

म्हणजे निवडलेल्या जागेच्या पूर्वेला किमान वीस फूट मोकळं हवं. तिथे विहिरीचा पाईप, खळं, उकिरडा, आंब्याचं नवं रोप असलं काही लावू नका. मी पेरू लावला होता. खण जोडायच्या वर्षीच त्याला पहिला बहार आला आणि घरात कोणी तो तोडू देईना.

पश्चिमेला कडुनिंब असेल तर सोन्याहून पिवळं. फक्त त्याच्या फांद्या पत्र्याला टेकू देऊ नका, उंदीर, मांजर आणि साप तिथूनच उतरतात. घरापासून आणि पिण्याच्या पाण्यापासून अंतर ठेवा. शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराची खिडकी कोणत्या बाजूला आहे हेही बघून घ्या. गावठाणात बांधत असाल तर ग्रामपंचायतीत विचारून घेतलेलं बरं. कोंबडीच्या वासावरून गावात भांडणं व्हायला वेळ लागत नाही.

तिसरी पायरी: काळी माती, जोतं आणि उतार

तापीकाठच्या काळ्या जमिनीत बांधणाऱ्याने ही पायरी दोनदा वाचावी. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. तिच्यावर थेट कोबा ओतला की दुसऱ्या उन्हाळ्यात तो तडकतो. त्या तड्यांत विष्ठा भरते, पाणी मुरतं, किडे होतात, आणि मग कितीही धुवा, वास जात नाही. सहज धुता येणारं घर हवं असेल तर सुरुवात जमिनीखालून करावी लागते.

जोत्याच्या मापाची काळी माती दोन फूट खोल काढा. खाली मुरूम लागला तर देवाची कृपा. नाही लागला तर बाहेरून आणून सहा-सहा इंचांच्या थरात भरा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसने ठोका. जमिनीपासून जोतं किमान एक फूट वर घ्या. नवापूरकडे पाऊस आपल्या धुळे-अमळनेरपेक्षा बराच जास्त, तिथे दीड फूट घ्या. वर तीन इंच काँक्रीट आणि त्यावर गुळगुळीत पण घसरडा नसलेला कोबा. काढलेली काळी माती शेतात टाका, जोत्याभोवती रचू नका.

उतार उत्तरेकडे द्या. दहा फुटांत अडीच इंच पुरे. त्याहून जास्त दिला तर गादीचा भुसा खाली सरकत राहतो, कमी दिला तर पाणी थबकतं. उत्तरेच्या भिंतीबाहेर, पूर्ण लांबीला समांतर एक उघडी नाली काढा आणि तिचा उतार पश्चिमेकडे ठेवा. प्रत्येक खणाचं पाणी स्वतःच्या भोकातून त्या नालीत पडेल. उद्या पूर्वेला खण वाढला की नाली तेवढी मागे लांबवायची, आणि एका खणाची घाण दुसऱ्यात जायचा प्रश्नच उरत नाही. आप्पांना हेच सांगायचं होतं.

नाली झाकू नका. झाकलेली नाली कोणी साफ करत नाही. पाण्याच्या भोकाला मात्र आतून जाळी हवी, मुंगूस त्यातून येतं.

आतले चारही कोपरे सिमेंटने गोल करून घ्या. गवंडी कुरकुरतो, करू द्या. काटकोनी कोपऱ्यात फावडं जात नाही, खराटाही नीट जात नाही. शिवाय थंडीत किंवा घाबरल्यावर पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढून गुदमरतात, गोल कोपऱ्यात ते कमी होतं.

चौथी पायरी: सांगाडा

इथे एक साधी युक्ती: माप आपल्या मनाने ठरवू नका, माल ज्या मापात मिळतो त्या मापाने घर आखा. लोखंडी पाईप वीस फुटी येतो. मधोमध कापला की दहा-दहा फुटांचे दोन खांब. दोन फूट जमिनीत, एक फूट जोत्यात, सात फूट कोब्याच्या वर. तुकडा वाया जात नाही.

छप्पर दुपाखी करा. मधलं आढं नऊ फुटांवर, दोन्ही बाजूंना आठ-आठ फुटी पत्रा. त्यातून पागोळी भिंतीच्या बाहेर अडीच फूट निघते, म्हणजे उघड्या बाजू असूनही पाऊस आत येत नाही. रंगीत पत्रा साडेतीन फूट रुंद असतो, पण एकावर एक चढ धरला की साधारण सव्वातीन फूट झाकतो. तीन पत्र्यांत एक खण होतो, दोन्ही पाखी मिळून सहा पत्रे. म्हणून खण दहाचा म्हणत असलो तरी खांबांमधलं अंतर पावणेदहा फूटच ठेवा. दहा पूर्ण घेतले तर प्रत्येक खणाला तीन इंचांची फट राहते आणि त्या तीन इंचांसाठी एक पत्रा जास्त आणावा लागतो. हे मला दुसऱ्या खणाच्या वेळी पत्र्यावाल्याच्या दुकानात उभं राहून कळलं.

आढ्यावर चार-सहा इंचांची फट ठेवून तिच्यावर उंच टोपी बसवा. गरम हवा आणि विष्ठेचा डोळ्यांना झोंबणारा वायू तिथून निघून जातो. टोपीखालीही जाळी लावायला विसरू नका.

आता वाढवण्याची सोय. पूर्वेकडच्या खांबांच्या माथ्यावर भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्या आत्ताच वेल्ड करून घ्या. पुढच्या खणाच्या आडव्या दांड्या तिथे नुसत्या बोल्टने जोडायच्या. आज वेल्डर आलाच आहे तर त्याला दहा मिनिटं जास्त लागतील. नंतर मात्र कोंबड्या आत असताना, वाळलेल्या भुशावर ठिणग्या उडवत वेल्डिंग करणं म्हणजे आगीला आवतण. खांब सामाईक असल्यामुळे दुसऱ्या खणाला बाहेरच्या बाजूचे नवे खांबच तेवढे रोवावे लागतात.

पाचवी पायरी: भिंत, जाळी आणि मुंगूस

दक्षिण-उत्तरेला दीड फूट विटांची भिंत, आतून गिलावा करून गुळगुळीत. तिच्यावर साडेपाच फूट जाळी. तीन फुटी जाळीचे दोन पट्टे सहा इंच चढवून लावले की बरोबर बसतात.

जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली घ्या. बाजारात षटकोनी भोकांची पातळ कोंबडी जाळी स्वस्त मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रं ती दातांनी ओढून फाडतं आणि मुंगूस सैल टोकाखालून घुसतं. एकदा सकाळी दार उघडलं तर सात पिल्लं ओळीने पडलेली, खाल्लेलं एकही नाही, नुसत्या माना फोडलेल्या. फट शोधायला अर्धा तास लागला. जाळी आणि भिंत जिथे मिळते तिथे दोन बोटं जातील एवढी ती होती. तेव्हापासून जाळीच्या कडेवर लाकडी पट्टी ठोकल्याशिवाय मी काम संपलं असं मानत नाही. पत्र्याच्या नळ्या भिंतीवर टेकतात तिथे राहणारी चंद्रकोरी भोकंही बुजवून टाका. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-चोपड्याच्या बाजूला बिबट्याची ये-जा असते. तिथे वरच्या जाळीबाहेर गज हवेत, नुसत्या जाळीचा भरवसा धरू नका.

पूर्वेची भिंत विटांची करायचीच नाही. खांबाला अँगल लावून त्यावर पत्रा आणि जाळी बोल्टने बसवा, स्क्रूने नाही. स्क्रू दोन वर्षांत गंजतो आणि काढताना पत्रा फाडतो. खण वाढला की हीच भिंत उचलून पुढच्या खांबांवर लावायची. मधे फक्त जाळी राहू द्या, म्हणजे दोन वयांच्या कोंबड्या वेगळ्या ठेवता येतात.

सहावी पायरी: दार आणि उंबरा

दार प्रत्येक खणाला वेगळं आणि ते उत्तरेच्या लांब बाजूला. उंची उभ्या माणसाला न वाकता जाता येईल एवढी. खर्च वाचवायला लोक चार फुटी दार करतात. माझ्या पहिल्या घराचं साडेचार फुटी होतं आणि साफसफाई वहिनी करायची. ती काही बोलली नाही, फक्त एका रविवारी माझ्या हातात खराटा देऊन म्हणाली, "भाऊजी, आज तुम्ही झाडा." दहा मिनिटांत कंबर धरून बाहेर आलो. जो झाडतो त्याला उभं राहता आलं नाही तर झाडणं लांबणीवर पडतं, आणि कोंबड्यांचे निम्मे आजार त्या लांबणीतून येतात.

दाराची रुंदी तीन फूट घ्या, हातगाडी किंवा भरलेलं घमेलं घेऊन सहज जाता यावं. दार बाहेर उघडणारं हवं, कारण आत गादीचा थर चढला की आत उघडणारं दार अडतं.

आता उंबरा. गादी बाहेर सांडू नये म्हणून उंबरा लागतो, पण गादी उपसताना तोच आडवा येतो, प्रत्येक फावडं उचलून त्याच्यावरून न्यावं लागतं. म्हणून उंबरा पक्का करू नका. दोन्ही बाजूंना खाच ठेवा आणि त्यात नऊ इंच उंचीची फळी वरून सरकवा. गादी काढायच्या दिवशी फळी उपसायची, दाराबाहेर बारदान पसरायचं आणि फावड्याने भुसा ओढत ओढत थेट बाहेर. माझ्या घरात या एका फळीने दोन तासांचं काम पाऊण तासावर आणलं.

सातवी पायरी: आतलं सामान

आत जमिनीला टेकलेलं काहीही नको. हा एकच नियम पाळला तरी साफसफाई निम्मी होते. खाद्याची आणि पाण्याची भांडी वरून साखळीने टांगा, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला. कोंबडी मोठी होईल तशी साखळीची कडी बदलायची. पाण्याच्या भांड्याखाली जाळीची चौकट ठेवली की सांडलेल्या पाण्यात कोंबड्या उकरत बसत नाहीत.

अंड्यांची खोकी एक फूट लांब, रुंद, उंच, भिंतीला हुकाने टांगलेली. त्यांचं छप्पर चांगलं उतरतं करा, नाहीतर कोंबड्या रात्री त्यावर बसतात आणि सकाळी खोकी घाणीने भरलेली असतात. मागून बाहेर उघडणारी झडप ठेवली तर अंडी काढायला घरातली पोरंही जाऊ शकतात.

बसायच्या दांड्यांवर थोडं थांबू. कोंबडी रात्री जिथे बसते तिथेच दिवसभरातली निम्म्याच्या आसपास विष्ठा टाकते. म्हणजे सगळं घर झाडण्यापेक्षा दांड्यांखालची जागा सांभाळली की निम्मं काम झालं. नऊ फुटांच्या तीन दांड्या, एकमेकांपासून सव्वा फुटावर, एकाच उंचीला, अडीच फुटांवर. उतरत्या शिडीसारख्या लावल्या तर वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी मारामारी होते. दांड्या पश्चिमेच्या पक्क्या भिंतीलगत लावा. तिथे थंडीचा वारा लागत नाही, आणि घर पूर्वेला वाढलं तरी त्या हलवाव्या लागत नाहीत.

दांडीखाली मी जुना फ्लेक्स अंथरतो. निवडणुका आणि वाढदिवस यांच्या कृपेने गावात फ्लेक्सची कमी नाही. चेहरा खालच्या बाजूला ठेवावा, उगाच कोणाच्या भावना दुखवायला नकोत. दर दोन-तीन दिवसांनी दोन टोकं धरून फ्लेक्स बाहेर ओढायचा, खड्ड्यावर झटकायचा, उन्हात टाकायचा आणि दुसरा अंथरायचा.

दांडी लाकडाची, दोन इंच रुंद, कडा घासलेली, आणि खाचेत नुसती ठेवलेली, खिळ्याने ठोकलेली नाही. बांबू टाळा. त्याच्या पेरांत आणि चिरांत बारीक लाल कीड राहते. ती दिवसा फटीत लपते, रात्री कोंबडीचं रक्त पिते. कोंबड्या संध्याकाळी आत जायला नाखूश असतील, तुरे फिके पडले असतील, अंडी घटली असतील, तर रात्री बॅटरी घेऊन दांडीची खालची बाजू बघा. दांडी काढता येत असेल तर उपाय सोपा आहे: उकळतं पाणी आणि मेचं ऊन.

आठवी पायरी: गादी

सुरुवातीला तीन इंचांचा थर. एका खणाला पंचवीस घनफूट भुसा लागतो. नवापूरकडे भाताचं तूस सहज मिळतं. शेंगा होतात तिकडे शेंगांची टरफलं, बाकी ठिकाणी लाकूडगिरणीचा भुसा. टरफलं मला आवडतात, पण ती पूर्ण वाळलेली हवीत. टरफलांना लागलेली बुरशी कोंबड्यांच्या छातीत बसते. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा, भुगा फुकटात पडतो म्हणून मोह होतो. काड्या टोकदार असतात आणि कोंबड्यांच्या तळपायाला फोड येतात. शिवाय पऱ्हाट्या रचून ठेवणं म्हणजे पुढच्या हंगामासाठी गुलाबी बोंडअळी सांभाळणं.

गादी दर चार दिवसांनी खालीवर करा. मूठभर उचलून दाबा. मूठ उघडल्यावर भुसा हळूहळू सुटला तर ठीक. लाडू तसाच राहिला तर ओल जास्त आहे. अजिबात न चिकटता धूळ उडाली तर फार कोरडी. ओला भाग दिसला की उपसून टाका आणि तिथे कोरडा भुसा भरा. लोक ओल्या गादीवर चुना मारून मोकळे होतात. ओल तशीच राहते आणि चुन्याने वास आधी आणखी भडकतो. चुना हवा तो रिकाम्या, धुतलेल्या कोब्यावर.

नववी पायरी: उन्हाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो हे आपल्याला कोणी सांगायला नको. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते, तोच तिचा मुख्य उपाय. म्हणून पत्र्याला मार्चमध्येच वरून चुन्याचा पांढरा हात द्या. वर केळीची वाळलेली पानं किंवा गवत टाकलं तर आणखी बरं. पण पहिल्या पावसाआधी ते उतरवा, नाहीतर कुजून पत्रा खातं आणि उंदरांना घर मिळतं.

दक्षिण बाजूला आणि पश्चिमेच्या कोपऱ्यांना बारदान टांगून दुपारी ओलं ठेवायचं. आपली उन्हाळ्याची हवा कोरडी, म्हणून ही युक्ती इथे जोरात चालते. जूनमध्ये हवा दमट झाली की तीच युक्ती उलटते, तेव्हा बारदानं काढून टाका. पाणी बारदानावर मारा, गादीवर नाही. खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्या, दुपारी भांडी वर ओढून ठेवा. पाण्याची टाकी आणि पाईप सावलीत हवेत. काळ्या पाईपमधलं दुपारचं पाणी हाताला चटका देतं, ते कोंबडी पीत नाही.

थंडीसाठी पडदे लावताना ते खालून वर चढणारे करा. वरचा एक फूट कायम उघडा. वरून खाली सोडलेला पडदा खालून वारा आणतो आणि वरचा वायू कोंडतो, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

झाडणं, धुणं आणि रोगराई

रोजचं काम दहा मिनिटांचं असावं: पाण्याची भांडी घासणं, ओले डाग बघणं, अंडी काढणं. फ्लेक्स दोन-तीन दिवसांनी, गादी चार दिवसांनी. पूर्ण गादी काढून घर धुणं वर्षातून एकदा, होळीनंतर. पक्षी बदलत असाल तर प्रत्येक वेळी.

धुताना क्रम चुकवू नका. आधी सगळं सामान बाहेर उन्हात, मग गादी बाहेर, मग कोरडा खराटा, वरून खाली, जाळ्यासकट. त्यानंतर पाणी आणि साबण. जंतुनाशक त्याच्याही नंतर, कारण चिकटलेल्या विष्ठेवर ओतलेलं जंतुनाशक विष्ठेतच संपतं. मग भिंतींना चुना. आणि दोन आठवडे घर रिकामं, उघडं, वाळू द्या. एकच खण असणाऱ्याला हे जमत नाही, कोंबड्या ठेवायच्या कुठे? दोन खण असले की एक भरलेला, एक सुकतोय. दुसरा खण बांधायचं मला पटलेलं सगळ्यात मोठं कारण हेच.

काढलेली गादी ताजी असताना कपाशीला किंवा भाजीपाल्याला घालू नका, मुळं जळतात. खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर तीन महिने कुजवा. केळीवाले आपणहून मागायला येतात.

बाहेरून आणलेली कोंबडी थेट आत सोडू नका, बाजारातली तर नाहीच. मुख्य घरापासून लांब, एका डालग्यात किंवा छोट्या खुराड्यात तीन-चार आठवडे वेगळी ठेवा आणि तिचं काम सगळ्यात शेवटी करा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस पशुवैद्यकाला विचारून वेळेवर द्या. प्रत्येक दारापाशी चुन्याचा उथळ ट्रे ठेवा आणि आत जायच्या चपला वेगळ्या ठेवा. हा शहाणपणा आपल्याकडे महागात शिकला गेलाय. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातल्या कोंबड्यांमधला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापूरला झाला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तो नवापूरला पुन्हा आला. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या नदीत, बांधावर फेकू नका, कापून खाऊही नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा आणि त्यांचा माणूस येईपर्यंत हात लावू नका.

शेवटची पायरी: दुसरा खण

हे काम दिवाळीनंतर काढा. पाऊस थांबलेला असतो, काळी माती धड फुगलेली नसते, धड फाटलेली नसते. आधी नव्या खणाचं जोतं आणि कोबा, उतार उत्तरेलाच. दोन्ही जोत्यांच्या मधे अर्धा इंच सांधा सोडून त्यात डांबर भरा. दोन वेगळ्या वर्षांची जोती सारखी बसत नाहीत, एकसंध केली तर नेमकी जोडावरच तडा जातो. मग खांब, आडव्या दांड्या, पत्रे, जाळी. हे सगळं होईपर्यंत जुन्या घराची पूर्वेची भिंत जागेवरच असते, कोंबड्यांना कशाचा पत्ताही नसतो. शेवटच्या दिवशी ती भिंत सोडवायची आणि पुढे लावायची. दोन माणसांचं सकाळचं काम.

नव्या कोंबड्या नव्या खणात ठेवा आणि महिनाभर मधली जाळी बंद राहू द्या. त्या एकमेकींना बघतील, जाळीतून चोची मारतील, मग कंटाळतील. त्यानंतर जाळीचं दार उघडायचं ते रात्री, सगळ्या दांडीवर बसल्यावर. सकाळी थोडी झटापट होते, दुपारपर्यंत मिटते.

आणि पूर्वेच्या भिंतीचे बोल्ट दरवर्षी होळीच्या धुलाईत एकदा सैल करून, ग्रीस लावून पुन्हा आवळा. मी तीन वर्षं विसरलो होतो. बारा बोल्टांपैकी नऊ शेवटी ग्राइंडरने कापावे लागले.